हात उगारण्यापूर्वी

दिवेलागणीची वेळ. बाप शेतावरून थकून घरी येतो. ओसरीवर घागर लवंडून पाणी सांडलेले दिसते. "कुणी सांडलं हे?" असे तो गरजतो, आणि उत्तर येण्यापूर्वीच पोराच्या पाठीत धपाटा बसतो. घरोघरी मातीच्या चुली. हे चित्र कुणाला नवे नाही. पण श्रोतेहो, त्या धपाट्यातून पोर काय शिकले? घागर जपून न्यावी, हे ते शिकले नाही. बाबा थकून आले की समोर जायचे नाही, आणि विचारलेच तर "मी नाही" म्हणायचे, एवढेच ते शिकले. राग बापाचा, शिक्षा मात्र पोराला!

मग शिस्त लावायचीच नाही की काय? असे मुळीच नाही. सकाळी 'नाही' म्हटलेली वस्तू संध्याकाळी रडून मिळते, हे मुलाला एकदा कळले की रडणे हेच त्याचे हत्यार होते. याला माया म्हणत नाहीत. ही मोठ्यांची टाळाटाळ झाली. मुलाला नियम हवाच. पण तो त्याच्या वयाला झेपणारा असावा, रोज तोच असावा, आणि मोठ्यांनीही पाळावा. स्वतःच्या हातातला मोबाईल सुटत नाही, आणि पोराला मात्र "अभ्यासाला बस" म्हणायचे, हे त्याला कसे पटावे?

नियम आणि माया एकत्र नांदतात याचे उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि १९५७ साली त्या जवळच्या कोसबाडला गेल्या. हा भाग आता पालघर जिल्ह्यात येतो. तिथल्या पाड्यांवरची आदिवासी मुले शाळेत येत ना. 'आळशी, बेशिस्त' असा शिक्का मारून मोकळे होणे सोपे होते. या दोघींनी कारण शोधले. कुणाकडे गुरे राखायचे काम, तर कुणाच्या कडेवर धाकटे भावंड! तेव्हा त्यांनी गुरे चरत त्या रानातच शाळा नेली, ती कुरणशाळा. लहानग्यांची बालवाडी त्यांनी वस्तीतल्या अंगणात भरवली, ती अंगणवाडी. मुलाने शिकलेच पाहिजे, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. वाटेतली अडचण तेवढी दूर केली.

शाळेत तर आता कायदाच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला मारण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. "मग वर्ग आवरायचा कसा?" असे काही शिक्षकबंधू विचारतात. समजा, एक मुलगी रोज उशिरा येते. तिला दाराशी उभे न करता एकटीला जवळ बोलवावे आणि विचारावे, "का गं, घरी काही काम असतं का?" पाणी भरून यावे लागत असेल, तर तिच्या आईवडिलांशी बोलावे. नुसता आळस असेल, तर बुडालेला पाठ तिच्याकडून शाळा सुटल्यावर पुरा करून घ्यावा. विचारपूस झाली, आणि नियमही राहिला.

घरीसुद्धा हेच करता येईल. घागर सांडली, तर पोराच्या हाती फडके द्यावे. "पूस बाळा, मग दोघं मिळून पाणी आणू," असे म्हणावे. चुकीची भरपाई करायची असते, हे ते हाताने शिकेल. आणि रागाच्या भरात आपला हात उठलाच, तर रात्री त्याला जवळ घेऊन "माझं चुकलं" एवढे म्हणायला बापाने लाजू नये. त्याने बापाचा मान जात नाही. चूक कबूल कशी करायची, हे मूल शेवटी आपल्याकडूनच शिकणार ना?