इंद्रपुरी ते लखनौ : मायावती यांच्या राजकीय उदयाची वाटचाल

३ जून १९९५ रोजी लखनौच्या राजभवनात श्रीमती मायावती यांनी उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. त्या वेळी त्या ३९ वर्षांच्या होत्या. देशातील कोणत्याही राज्याच्या मुख्यमंत्रिपदी दलित समाजातील महिला विराजमान होण्याची ती पहिलीच वेळ होती. आदल्याच दिवशी, २ जून रोजी, याच शहरातील मीराबाई मार्गावरील शासकीय अतिथिगृहावर समाजवादी पक्षाच्या समर्थकांचा जमाव चालून गेला होता आणि मायावती यांना कित्येक तास एका खोलीत स्वतःला कोंडून घ्यावे लागले होते. या दोन दिवसांची हकीकत वारंवार सांगितली जाते. त्यामागील अठरा वर्षांच्या तयारीची चर्चा मात्र क्वचितच होते.

मायावती यांचा जन्म १५ जानेवारी १९५६ रोजी दिल्लीत झाला. त्यांचे घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील दादरीजवळच्या बादलपूर या गावचे. वडील शासकीय सेवेत होते आणि कुटुंब दिल्लीच्या इंद्रपुरी या श्रमिक वस्तीत राहत असे. पदवी आणि बी.एड. पूर्ण केल्यानंतर त्या शिक्षिका झाल्या. दिवसा अध्यापन आणि रात्री भारतीय प्रशासकीय सेवेच्या परीक्षेचा अभ्यास, असा त्यांचा दिनक्रम होता. पुढे त्यांनी कायद्याची पदवीही संपादन केली.

१९७७ मध्ये दिल्लीच्या कॉन्स्टिट्यूशन क्लबमध्ये जातिनिर्मूलनाच्या विषयावर एक परिषद भरली होती. तत्कालीन केंद्रीय मंत्री राजनारायण यांनी आपल्या भाषणात दलितांचा उल्लेख वारंवार ‘हरिजन’ असा केला. एकवीस वर्षांच्या या शिक्षिकेने व्यासपीठावरून त्यांना जाहीर आक्षेप घेतला. ही वार्ता कांशीराम यांच्या कानी गेली आणि ते एका रात्री इंद्रपुरीतील घरी येऊन पोहोचले. मायावती यांनी हा प्रसंग स्वतःच अनेकदा सांगितला आहे. जिल्हाधिकारी होण्याऐवजी राजकारणात या, मग अनेक जिल्हाधिकारी तुमच्या आदेशाची वाट पाहत उभे राहतील, अशा आशयाचे आश्वासन कांशीराम यांनी त्यांना दिले होते. पुढे वडिलांचा विरोध पत्करून त्यांनी घर सोडले.

कांशीराम यांची स्वतःची जडणघडण पुण्यात झाली होती. पंजाबातील रोपड जिल्ह्यात जन्मलेले कांशीराम पुण्यातील संरक्षण खात्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत नोकरीस होते. तेथे आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्या रद्द करण्यात आल्या, तेव्हा दीनाभाना या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याने त्याविरुद्ध आवाज उठविला आणि त्यासाठी कारवाई ओढवून घेतली. कांशीराम त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सहकारी डी. के. खापर्डे यांच्यामुळे त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखनाचा परिचय झाला. याच काळात त्यांनी महाराष्ट्रातील रिपब्लिकन पक्षाची शकले होताना जवळून पाहिली. आरक्षणामुळे शासकीय सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांचा पैसा, वेळ आणि बुद्धी समाजासाठी उपयोगात आणावी, हा विचार त्यातून पुढे आला. १९७८ मध्ये ‘बामसेफ’ ही कर्मचाऱ्यांची संघटना, १९८१ मध्ये ‘डीएस-४’ ही संघर्ष समिती आणि १४ एप्रिल १९८४ रोजी बहुजन समाज पक्ष, असा हा क्रम आहे.

येथे एका शब्दाविषयी थोडे थांबणे आवश्यक आहे. मराठीत ‘बहुजन’ म्हटले की प्रामुख्याने ब्राह्मणेतर शेतकरी व कारागीर समाज डोळ्यांपुढे येतो. कांशीराम यांनी हाच शब्द अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग आणि धर्मांतरित अल्पसंख्याक या सर्वांसाठी वापरला. हिंदी बातमीतील ‘बहुजन’ मराठीत जसाच्या तसा ठेवला की अर्थ किंचित सरकतो. भाषांतर करणाऱ्यास ही अडचण नेहमी येते.

पहिली निवडणूक हरण्यासाठी, दुसरी इतरांना हरविण्यासाठी आणि तिसरी जिंकण्यासाठी लढवावी, असे कांशीराम कार्यकर्त्यांना सांगत. मायावती यांचा आरंभीचा प्रवास या सूत्राचा जणू वस्तुपाठच ठरला. १९८४ मध्ये कैरानात त्या पराभूत झाल्या. १९८५ च्या बिजनौर पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या श्रीमती मीरा कुमार विजयी झाल्या. रामविलास पासवान आणि मायावती या दोघांनाही हार पत्करावी लागली. एकाच राखीव मतदारसंघात तीन दलित नेत्यांची ही लढत आज मागे वळून पाहता विलक्षण वाटते. १९८७ मध्ये हरिद्वारच्या पोटनिवडणुकीत मायावती दुसऱ्या क्रमांकावर आल्या आणि १९८९ मध्ये त्याच बिजनौरमधून सुमारे ८,९०० मतांच्या आधिक्याने लोकसभेत पोहोचल्या. या काळात सायकलवरून गावोगावी फिरून त्यांनी जो संपर्क साधला, त्यातूनच पुढे ‘बहनजी’ हे संबोधन रूढ झाले.

ज्या विचाराचे बीज महाराष्ट्रात पडले, त्याला सत्तेचे फळ उत्तर प्रदेशातच का आले, हा प्रश्न मराठी वाचकास पडणे स्वाभाविक आहे. याचे एक उत्तर संख्येत आहे. उत्तर प्रदेशात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे २१ टक्के असून त्यांतील निम्म्याहून अधिक लोक एकाच, म्हणजे जाटव समाजाचे आहेत. महाराष्ट्रात हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास आहे. शिवाय तेथील भूमी अगदीच नांगरलेली नव्हती असे नाही. १९६२ मध्ये बी. पी. मौर्य रिपब्लिकन पक्षाच्या वतीने अलीगढमधून लोकसभेवर निवडून आले होते. परंतु पंजाबात तर अनुसूचित जातींचे प्रमाण ३० टक्क्यांहून अधिक आहे, आणि कांशीराम यांच्या या जन्मराज्यात पक्षाला सत्ता कधीच मिळाली नाही. त्यामुळे केवळ संख्या हे उत्तर अपुरे ठरते.

खरे बळ होते ते एकगठ्ठा आणि हस्तांतरणीय मतांचे. नेत्याने सांगितलेल्या मित्रपक्षाच्या चिन्हावर आपले मत निमूटपणे देणारा मतदार बसपने घडविला होता. १९९३ मध्ये समाजवादी पक्षाशी युती करून पक्षाने ६७ जागा जिंकल्या. १९९६ मध्ये काँग्रेसबरोबर लढूनही ६७ च जागा मिळाल्या. आमची मते मित्रपक्षाला मिळतात, त्यांची आम्हाला मिळत नाहीत, ही मायावती यांची तक्रार तेव्हापासूनची आहे. मग त्यांनी निवडणूक स्वबळावर लढवायची आणि सत्तेसाठीची बोलणी निकालानंतर करायची, हा मार्ग स्वीकारला. १९९५, १९९७ आणि २००२ मध्ये भारतीय जनता पक्षाच्या साहाय्याने त्या मुख्यमंत्री झाल्या. तिन्ही सरकारे अल्पायुषी ठरली. वैचारिक विरोधकाशी केलेल्या या हातमिळवणीवर टीका झाली आणि ती निराधार नव्हती.

अल्पकाळाच्या सत्तेतही त्यांनी काही गोष्टी घाईने केल्या. दलित वस्ती मोठ्या प्रमाणात असलेल्या गावांत रस्ते, घरे व वीज पोहोचविणाऱ्या आंबेडकर ग्राम योजनेस गती देण्यात आली. नवनिर्मित जिल्ह्यांना आंबेडकर नगर, गौतम बुद्ध नगर, ज्योतिबा फुले नगर अशी नावे देण्यात आली. कानपूरच्या विद्यापीठास छत्रपती शाहूजी महाराजांचे आणि बरेलीच्या विद्यापीठास महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. महाराष्ट्रातील या महापुरुषांची नावे गंगा-यमुनेच्या खोऱ्यात घरोघरी पोहोचण्यात या नामकरणांचा वाटा मोठा आहे. पुढे लखनौ व नोएडा येथे उभारलेल्या भव्य स्मारकांवर, विशेषतः हत्तींच्या आणि स्वतःच्या पुतळ्यांवर झालेल्या खर्चाचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उद्यानात मुलाबाळांसह येणाऱ्या दलित कुटुंबांच्या दृष्टीने त्या दगडांचा अर्थ वेगळा होता, हे टीकाकारांच्या लक्षात सहसा आले नाही. तथापि, शाळा आणि रुग्णालयांची दुरवस्था पाहता खर्चाचा प्रश्नही गैरलागू म्हणता येणार नाही.

१५ डिसेंबर २००१ रोजी कांशीराम यांनी त्यांना आपला वारस घोषित केले आणि २००३ मध्ये पक्षाध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्यानंतर त्यांनी सर्वांत मोठा डाव मांडला. सतीशचंद्र मिश्र यांना पुढे करून गावोगावी ‘भाईचारा’ समित्या स्थापन करण्यात आल्या, ‘बहुजन’ऐवजी ‘सर्वजन’ अशी घोषणा देण्यात आली आणि ब्राह्मण उमेदवारांना मोठ्या संख्येने तिकिटे देण्यात आली. २००७ मध्ये बसपने ४०३ पैकी २०६ जागा आणि ३० टक्क्यांहून अधिक मते मिळविली. राज्यात १९९१ नंतर प्रथमच एका पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले होते. कांशीराम हे पाहण्यास हयात नव्हते. ९ ऑक्टोबर २००६ रोजी त्यांचे निधन झाले होते. पाच वर्षांची मुदत पूर्ण करणाऱ्या मायावती या उत्तर प्रदेशच्या पहिल्या मुख्यमंत्री ठरल्या.

परंतु २१ टक्क्यांच्या पुढची मते उसनवारीची होती आणि ती परत गेली. २०१२ मध्ये पक्ष ८० जागांवर आला. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर प्रदेशात जवळपास २० टक्के मते मिळूनही एकही जागा मिळाली नाही. जाटवेतर दलित आणि अतिमागास जाती भाजपकडे वळल्या. अनेक जुने सहकारी पक्ष सोडून गेले. एप्रिल २०१९ मध्ये मैनपुरीच्या सभेत मायावती आणि मुलायमसिंह यादव एकाच व्यासपीठावर आले. अतिथिगृहाच्या प्रसंगाला तेव्हा जवळपास चोवीस वर्षे झाली होती. त्या युतीतून लोकसभेच्या १० जागा मिळाल्या, मात्र युती निकालानंतर टिकली नाही. २०२२ च्या विधानसभेत पक्षाचा एकच आमदार निवडून आला. २०२४ मध्ये लोकसभेची पाटी पुन्हा कोरी राहिली आणि राज्यातील मते सुमारे ९ टक्क्यांवर आली. डिसेंबर २०२३ मध्ये वारस म्हणून घोषित केलेले भाचे आकाश आनंद यांना त्यांनी ऐन प्रचारात, मे २०२४ मध्ये, पदावरून दूर केले होते.

त्याच निवडणुकीत नगीना या राखीव मतदारसंघातून आझाद समाज पक्षाचे चंद्रशेखर आझाद दीड लाखाहून अधिक मतांच्या आधिक्याने निवडून आले आणि बसपचा उमेदवार चौथ्या क्रमांकावर राहिला. नगीना बिजनौर जिल्ह्यात आहे.