काचेचा दोरा

शारजात एका इमारतीच्या तळाशी जनरेटर धडधडत होता. त्याच्या धुराच्या पाइपाला कुणीतरी राखाडी गोधडी गुंडाळली होती. आत पाइप चारशे-पाचशे अंशांनी तापलेला, आणि गोधडीचे टाके मात्र जिथल्या तिथे. आपल्या शर्टाचा पॉलिएस्टर दोरा 260 अंशांच्या आसपास वितळतो. मग हा कुठला दोरा? एवढ्या एका कुतूहलापायी इंडस्ट्रियल एरियातल्या एका शिवणखान्यात जाऊन बसलो.

"550 अंश," रीळ माझ्या हातात देत सुपरवायझर म्हणाला. चहा आल्यावर पुन्हा म्हणाला.

दोरा काचेचा. केसाहून बारीक काचतंतूंना पीळ देऊन वर टेफ्लॉनचा थर चढवलेला. गंमत अशी, की टेफ्लॉन 327 अंशांनाच वितळतो. म्हणजे 550 ची ऐट त्या थराची नव्हेच, आतल्या काचेची. थर लागतो तो शिवणयंत्रासाठी. एक टाका पडेपर्यंत दोऱ्याचा तोच तुकडा सुईच्या नेढ्यातून कितीतरी वेळा मागेपुढे घासतो. उघडी काच तेवढ्यात पिंजते. गाठ मारली तर मोडतेच. गोधडीचं हे जॅकेट एकदा पाइपावर चढलं, की थर वितळेना का, काच टाका धरून असते. आगीसाठी केलेल्या दोऱ्याला खरी भीती नेढ्याची!

कापड बेतायचं, मध्ये काचलोकर भरायची, कडा शिवायच्या, आवळायला स्टीलचे हूक लावायचे. रिफायनरीच्या, वीजघराच्या व्हॉल्ववर ही जॅकेटं बसतात. दुरुस्तीला सोडता येतात, पुन्हा बांधता येतात.

यंत्रावरचे मामा सोलापूरचे. तिकडे शाळेचे गणवेश शिवायचे. "हितं वाकळ शिवतो म्हना की," ते हसले. मनगटापर्यंत बटणं लावलेली, तरी काचेची कुसं मानेत शिरतात. 15 जून ते 15 सप्टेंबर भरदुपारी उन्हात काम करायला इथे बंदी असते. छपराखालच्या खाजेला असं वेळापत्रक नाही.

दोरा संपला. मामांनी नवं टोक उचललं, ओठांशी नेलं आणि थबकले. "तोंडात न्हाई घालायचं, काच हाय ती." तासाभरात मी हे चारदा पाहिलं. चारही वेळा हात ओठांपर्यंत गेला.

सिगारेटला बाहेर पडण्याआधी ते कोपरापर्यंत साबण लावतात. बोटावरचा टेफ्लॉनचा कण सिगारेटीत जळला, तर काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. "एकडाव आल्ता. वाटलं, मलेरियाच."

निघताना सुपरवायझरने 550 पुन्हा ऐकवलं. मामांचं लक्ष माझ्या शर्टाच्या लोंबत्या बटणाकडे होतं. खणातून साध्या सुती दोऱ्याचं रीळ काढलं, हात धुऊन आले, टोक जिभेवर ओलं केलं आणि चष्मा न लावता एका झटक्यात नेढ्यातून ओवलं.