प्रौढांसाठी कलणारी विद्युत त्रिचक्री : निवड आणि चालन (पुण्यातील मंडई परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. ज्या पिढीने शाळा, महाविद्यालय आणि नोकरी या तिन्ही ठिकाणी सायकलवरून ये-जा केली, ती पिढी आज साठी-सत्तरीच्या घरात आहे. मंडईत जाऊन स्वतःच्या हाताने भाजी निवडून आणणे हा या पिढीच्या दृष्टीने केवळ खरेदीचा भाग नसून स्वावलंबनाचा भाग आहे. परंतु गुडघे कुरकुरू लागतात, दुचाकीवर चढता-उतरताना तोल जातो, एखादे पडणे महिनाभर अंथरुणाला खिळवते. अशा वेळी घरातून सल्ला मिळतो, 'तीन चाकांची घ्या, म्हणजे पडण्याचा प्रश्नच नाही.' हा सल्ला अर्धाच खरा आहे. त्रिचक्री कोणत्या प्रकारची आहे आणि चालकाची अडचण नेमकी कोणती आहे, यांवर त्याचा खरेखोटेपणा अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात या दोन गोष्टींचा संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

तिसरे चाक आणि मोटार

प्रौढांची त्रिचक्री ही नवी वस्तू नव्हे. इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली यांनी १८७७ मध्ये त्रिचक्रीच्या दोन चाकांना वळणावर वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी भेददर्शी दंतचक्रांची योजना केली. आजच्या मोटारगाडीतील 'डिफरन्शियल' त्याच तत्त्वावर चालतो. १८८१ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीने स्टार्ली यांच्या त्रिचक्री मागविल्या होत्या. त्या काळी वेग पायाच्या बळावर ठरे. त्यामुळे वाहन उलटण्याचा धोका असला तरी तो मर्यादित राही.

विद्युत मोटार बसविल्यामुळे हा हिशेब बदलला. न कलणारी, म्हणजे ताठ चौकटीची त्रिचक्री वळण घेते तेव्हा चालकासह संपूर्ण भार बाहेरच्या बाजूस झुकू पाहतो. एक उदाहरण घेऊ. मागे दोन चाके असून त्यांतील अंतर ७० सेंटिमीटर आहे, चालकासह गुरुत्वमध्य जमिनीपासून ८५ सेंटिमीटर उंच आहे आणि तो पुढच्या चाकापासून मागच्या आसापर्यंतच्या अंतराच्या सात-दशांशावर आहे असे मानू. त्रिचक्रीचा पाया त्रिकोणी असल्याने गुरुत्वमध्याच्या जागी त्याची निम्मी रुंदी ३५ नव्हे, तर साडेचोवीस सेंटिमीटर एवढीच भरते. या मापांनुसार ५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी साडेतेरा किलोमीटरच्या आसपास आतले चाक उचलले जाते. ३ मीटर त्रिज्येच्या गल्लीच्या कोपऱ्यावर साडेदहालाच. ताशी २५ किलोमीटर वेगाने सुखरूप वळायचे तर त्रिज्या १७ मीटरहून अधिक हवी. शुक्रवार पेठेत असे वळण शोधावेच लागेल. चालण्यापेक्षा थोड्या अधिक वेगासाठी योग्य असलेल्या आकृतीला मोटारीने दुप्पट-तिप्पट वेग दिला, हे या प्रश्नाचे मूळ होय.

कलण्याची रचना

सायकलस्वार वळताना आत कलतो आणि भाराची दिशा चाकांच्या टेकूवर आणतो. वरील उदाहरणातील साडेतेरा किलोमीटर वेगाला सुमारे १६ अंशांचा कल पुरतो. कलणाऱ्या त्रिचक्रीत हीच क्रिया तीन चाकांवर साधली जाते. जॉर्ज वॉलिस या इंग्रज अभियंत्याच्या कल्पनेवर १९७० मध्ये 'एरियल ३' हे मोपेड निघाले. ते बाजारात चालले नाही. पुढे होंडा कंपनीने हीच कल्पना घेऊन १९८० च्या दशकात 'स्ट्रीम' व 'गायरो' ही वाहने काढली. त्यांत मागची दोन चाके व इंजिन ताठ राहते आणि चालकासह पुढचा भाग सांध्यातून कलतो. २००६ मध्ये पियाजिओ कंपनीने 'एमपी३' या स्कूटरमध्ये दोन चाके पुढे घेतली आणि समांतरभुज चौकोनासारख्या जोडणीने ती चौकटीबरोबर कलती ठेवली. याच कंपनीच्या पुणे जिल्ह्यातील बारामती येथील कारखान्यात तयार होणारी 'आपे' मात्र ताठच आहे. मालवाहू वाहनाला ते सोयीचेही आहे.

येथे एक बाब ठळकपणे नमूद करणे आवश्यक आहे, कारण विक्रेते ती क्वचितच सांगतात. मोकळेपणाने कलणारी त्रिचक्री स्वतःचा तोल स्वतः सांभाळत नाही. ती थांबली की सायकलप्रमाणेच एका बाजूला कलंडते. तिला पाय टेकावा लागतो किंवा कल रोखणारी कळ लावावी लागते. काही रचनांत स्प्रिंग किंवा रबर चौकट मध्यावर परत आणते. त्यामुळे मंद गतीत आधार मिळतो. मात्र वळणावर तेवढेच जोर लावून कलावे लागते. सारांशाने, कलणारी त्रिचक्री सायकल चालविण्याचे कौशल्य गृहीत धरते, तर ताठ त्रिचक्री ते कौशल्य अनावश्यक ठरविते आणि त्याची किंमत वेगाच्या रूपाने वसूल करते.

मंडईची वाट

महात्मा फुले मंडईची इमारत १८८६ मध्ये 'रे मार्केट' या नावाने सुरू झाली. तिच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध करणाऱ्या जोतीरावांचेच नाव पुढे तिला लाभले, ही इतिहासाची एक गंमतच म्हणावी लागेल. आज तिच्या भोवताली हातगाड्या, पथारीवाले, रिक्षा, छोटे टेम्पो आणि तुळशीबागेकडे वळणारी गर्दी यांची दाटी असते. सप्टेंबर २०२४ पासून तेथे भुयारी मेट्रोचे स्थानकही सुरू झाले आहे.

या वाटेचे दोन भाग पडतात आणि त्यांच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत. सहकारनगर किंवा पर्वतीच्या बाजूने येताना उतार, वळणे आणि मागून येणाऱ्या वाहनांचा रेटा असतो. तेथे कलणारी रचना हवी. मंडईच्या शेवटच्या दोनशे-तीनशे मीटरांत वेग पायी चालण्याइतका असतो आणि दर दहा पावलांवर थांबावे लागते. तेथे ताठपणा हवा. म्हणून ज्या त्रिचक्रीत कल रोखण्याची कळ आहे आणि ती हँडलवरूनच लावता येते, तीच या परिसरासाठी विचारात घ्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रस्त्यांचा आडवा उतारही लक्षात घ्यावा लागतो. डांबराचे थरावर थर चढल्याने जुन्या पेठांत रस्त्याची कड गटाराकडे झुकलेली असते. ताठ त्रिचक्री कडेने चालविताना सतत डावीकडे ओढते व चालक नकळत उजवीकडे हँडल दाबत राहतो. खांदा दुखू लागतो तो यामुळे. कलणारी चौकट अशा उतारावर सरळ उभी राहू शकते. गतिरोधक तिरका ओलांडतानाही हाच फायदा मिळतो.

निवडीचे निकष

पहिला निकष चालकाचे शरीर हा होय. गुडघा दुखतो, चढता-उतरताना भीती वाटते, ओझे घेऊन तोल सांभाळवत नाही, पण चालत्या सायकलवर आत्मविश्वास आहे, अशा व्यक्तीला कलणारी त्रिचक्री उपयोगी पडते. अंतर्कर्णाचा विकार, कंपवात किंवा पक्षाघातानंतरची दुर्बलता यांमुळे तोलाची जाणीवच क्षीण झाली असल्यास ती घेऊ नये. अशा व्यक्तीने डॉक्टरांच्या सल्ल्याने, बुटक्या आसनाची ताठ त्रिचक्री घ्यावी आणि मोटारीचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या आत बांधून घ्यावा.

दुसरा निकष दोन चाके पुढे की मागे हा. भाजीच्या पालापाचोळ्याने आणि पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर पुढचे एकटे चाक घसरले तर सावरायला वेळ मिळत नाही. पुढे दोन चाके असल्यास एक घसरले तरी दुसरे धरून ठेवण्याची शक्यता राहते. उलट, मागे दोन चाके व ताठ पेटी असलेल्या वाहनात ओझे भरपूर मावते. परंतु ती पेटी कलत नाही, हे विसरू नये. चालक व्यवस्थित कलला तरी पेटीत उंच रचलेला पंधरा किलो माल मागचा भाग बाहेर ओढतोच. बटाटे-कांदे तळाशी आणि पालेभाजी वर, हा पिशवी भरण्याचा घरगुती नियम येथे यंत्रशास्त्राचा नियम ठरतो.

कलाची कमाल मर्यादाही विचारून घ्यावी. ती संपताच वाहन एकाएकी ताठ त्रिचक्रीसारखे वागू लागते. मर्यादा २० अंश असेल, तर ५ मीटरच्या वळणावर ती ताशी १५ किलोमीटरच्या सुमारास संपते.

बॅटरीविषयी थोडक्यात. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॉट-तास ऊर्जा मावते. किलोमीटरला १२ ते १५ वॉट-तास खर्च धरल्यास २४ ते ३० किलोमीटर अंतर होते. मंडईच्या फेरीला ते पुरेसे आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी वजनाला जड असली तरी उष्णतेला अधिक दाद देत नाही.

कायद्याची बाजू अधिक नाजूक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत पाव किलोवॉटहून कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या बॅटरी-वाहनांना सवलत आहे. मात्र तिचा रोख दुचाकी आणि पायडलला साह्य करणाऱ्या सायकलींकडे आहे आणि त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेची तपासणी लागते. पुण्यातीलच 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही अशा संस्थांपैकी एक आहे. केवळ मुठीने चालणाऱ्या तीनचाकीला परवाना व नोंदणी लागत नाही, हे विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर मानू नये. प्रमाणपत्राची प्रत मागावी.

चालविण्याचा सराव

पहिले आठ दिवस मोकळ्या मैदानावर, मोटार बंद ठेवून आणि कल मोकळा सोडून सराव करावा. ज्यांनी पूर्वी ताठ त्रिचक्री चालविली आहे, त्यांना हँडल वळवून वाहन फिरविण्याची सवय असते. कलणाऱ्या वाहनात शरीराने कलायचे आणि हँडलला फक्त साथ द्यायची असते. सायकलस्वारांना हे लवकर जमते. त्यांची चूक वेगळीच होते : ते खड्डा दोन्ही चाकांच्या रेषेने चुकवितात आणि बाजूचे चाक त्यात घालतात. मैदानावर विटा मांडून तीन चाकांच्या वाटा अंगवळणी पाडाव्यात.

कल रोखण्याची कळ वळणावर कधीही लावू नये. कललेल्या स्थितीत चौकट अडकली तर वाहन सरळ होत नाही. वाट सरळ आहे, चौकट उभी आहे आणि वेग पायी चालण्याइतका उतरला आहे, अशा वेळीच ती लावावी. निघताना दोन-चार पायडले मारून झाल्यावर सोडावी. बहुतेक पडणी थांबताना होतात, धावताना नव्हे. त्यामुळे ही एकच कृती शंभरदा केली तरी ती अधिक झाली असे म्हणता येणार नाही.

भाजीवाल्यापाशी थांबल्यावर आधी मोटारीची किल्ली बंद करावी, मग हातब्रेक लावावा आणि नंतरच उतरावे. तीन चाकांचे वाहन उभे राहते म्हणून ते जागचे हलत नाही असे नाही. किंचित उतारावरही ते भरल्या टोपलीसह घरंगळत जाते. मोटार चालू असताना मुठीला पिशवीचा बंद अडकला, तर ते समोरच्या पथारीवर चढते.