वर्गणी, पट्टी, देणगी : पक्षशाखेच्या निधिसंकलनाची परिभाषा

पेठेतील अथवा वाडीतील राजकीय पक्षशाखेचा खर्च वरकरणी किरकोळ असतो : जागेचे भाडे, विजेचे बिल, पत्रकांची छपाई, सभेचा ध्वनिक्षेपक. त्यासाठी गोळा होणाऱ्या पैशास मराठीत अनेक नावे आहेत. ती समानार्थी नव्हेत, हे त्यांच्याशी जुळणाऱ्या क्रियापदांवरून दिसून येते.

वर्गणी ‘काढली’ जाते, पट्टी ‘बसविली’ जाते, देणगी ‘दिली’ जाते आणि खंडणी ‘वसूल’ केली जाते. वर्गणी काढणारे व भरणारे एकाच समूहातील असतात. पट्टी वरून लादली जाते. नियतकालिकाच्या वर्गणीदाराचा अंकावर हक्क असतो. देणगीदाराचे मात्र आभार मानावे लागतात. शाखेलाही हेच लागू पडते. वर्गणी भरणारा हिशेब मागू शकतो. मोठ्या देणगीने शाखाच ऋणाईत होते.

या भेदाचे राजकीय महत्त्व काँग्रेसच्या इतिहासात स्पष्ट दिसते. 1920 च्या नागपूर अधिवेशनातील घटनेने सभासदत्वाची वार्षिक वर्गणी चार आणे ठरविली. पुढे 1921 मध्ये बेझवाडा येथे टिळक स्वराज्य फंडासाठी 30 जूनपर्यंत एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प झाला व तो सिद्धीस गेला. फंडात धनिकांच्या मोठ्या रकमाही होत्या. परंतु संघटनेत सामान्य माणसाला स्थान मिळाले ते चार आण्यांमुळे.

प्रचलित कायद्यानुसार 20,000 रुपयांहून अधिक देणगीचा तपशील पक्षाने निवडणूक आयोगास कळवावा लागतो. निवडणूक रोख्यांतील देणगीदारांची गुप्तता सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी घटनाबाह्य ठरविली. गल्लीतील पन्नास रुपयांची नोंद मात्र बहुधा पावतीच्या स्थळप्रतीवरच उरते. म्हणून पावती देणे हा केवळ शिष्टाचार नव्हे. वर्गणीचे वर्गणीपण तीवरच अवलंबून असते.

पावती गेली आणि आग्रहाची जागा धाकाने घेतली, की ‘सक्तीची वर्गणी’ असा शब्दप्रयोग रूढ होतो. येथे विशेषणाने नामाचा अर्थच नाहीसा केलेला असतो. मांडलिकाने द्यावयाची ठराविक रक्कम या अर्थाची ‘खंडणी’ आज गुन्ह्याचे नाव झाली आहे. ‘वर्गणी’ शब्दाची तीच गती व्हावयाची नसेल, तर त्याचे रक्षण कोशकारांपेक्षा शाखेच्या खजिनदारालाच करावे लागेल.