जागरणाची चिलटं, उपवासाची चिलटं

केळी फार पिकली की त्यांच्याभोवती बारकी, लाल डोळ्यांची चिलटं जमतात ना, ती रात्री चक्क झोपतात बरं का! डोळे मिटत नाहीत, कारण पापण्याच नाहीत. पण पाच मिनिटं जागची हलली नाहीत की शास्त्रज्ञ म्हणतात, झोपली. हलकी टिचकी मारा, ढिम्म! आणि कॅफीन पाजलं की आपल्यासारखीच त्यांचीही झोप उडते.

आता खरी गंमत ऐका. या चिलटांत जन्मजात दोन स्वभाव असतात: फिरस्ती आणि बैठी. अळी असतानाच ओळखू येतात. खमिरावर सोडलं, की फिरस्ती अळी खात खात लांब निघून जाते, बैठी तिथल्या तिथे चरत राहते. कॅनडाच्या मार्ला सोकोलोव्स्कीबाईंनी हा फरक हेरला. तो पडतो एकाच जनुकामुळे. त्यातून पीकेजी नावाचं प्रथिन बनतं. फिरस्त्यांत जास्त, बैठ्यांत कमी.

अमेरिकेत सेंट लुईसला पॉल शॉ यांच्या प्रयोगशाळेत या दोन्ही प्रकारच्या चिलटांना १२ तास जागं ठेवलं आणि मग त्यांची परीक्षा घेतली. होय, चिलटांची परीक्षा! चिलट स्वभावानं उजेडाकडे धावतं. म्हणून उजेडाच्या वाटेवर क्विनीन ठेवायचं, हिवतापावरचं ते कडूजहर औषध. शहाणं चिलट दोनचारदा तोंड कडू झालं की अंधाराची वाट धरतं. जागरणानंतर बैठी चिलटं पुन्हा पुन्हा उजेडाकडेच! फिरस्ती मात्र ताजीतवानी असल्यासारखी शिकली.

“मग आजोबा, सगळीच चिलटं फिरस्ती का नाही झाली?”

शाब्बास, त्या शास्त्रज्ञांनाही हेच कोडं पडलं होतं. त्यांनी काय केलं, दोघांनाही रात्रभर उपाशी ठेवलं आणि पुन्हा तीच परीक्षा घेतली. डाव पार उलटला! जागरणाला खंबीर असलेली फिरस्ती उपाशीपोटी सगळं विसरली आणि बैठी पास झाली. २०१२ साली हे छापून आलं. म्हणजे झोपेवाचून भागवण्याची सोय निसर्गानं केली खरी, पण तिची किंमत भुकेच्या वेळी वसूल केली. पक्का वाणी आहे तो!

चिलटाचा मेंदू खसखशीच्या दाण्याहून लहान. त्यातही अळंबीच्या आकाराचा एक भाग असतो, झोप आणि आठवण दोन्ही सांभाळणारा. बैठ्या चिलटांच्या त्या भागात पीकेजी वाढवलं, तर तीही बरीचशी फिरस्त्यांसारखी वागू लागली. बरीचशी हं, पुरती नाही.