जीएसटीचे काम कोणत्याही कॉम्प्युटरवर

व्यापारी बांधव विचारतात, जीएसटीसाठी खास कॉम्प्युटर घ्यावा का? मुळीच नाही. पूर्वी सॉफ्टवेअर फ्लॉपी किंवा सीडीवरून एकेका मशीनवर चढवावे लागे. विंडोजसाठी बनवलेले दुसरीकडे चालत नसे. वेबवर सॉफ्टवेअर सर्व्हरवर असते, आपल्याकडे फक्त ब्राउझर हवा. वेबची भाषा सर्व ब्राउझरना समजते, कारण ती कुणा एका कंपनीची मालकी नाही. १९९३ साली सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने वेब सर्वांना मोफत खुले केले.

म्हणूनच १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा सरकारला दुकानोदुकानी सीडी वाटाव्या लागल्या नाहीत. कापडगंजातल्या व्यापाऱ्याने रिटर्न विंडोजवर भरावे की मुलाच्या लिनक्सवर, पोर्टल तेच. सुरतेहून ५०,००० रुपयांवरचा माल निघाला की लागणारे ई-वे बिलही असेच ब्राउझरमध्ये बनते; ही सक्ती १ एप्रिल २०१८ पासूनची.

मात्र नेट बंद, तर काम बंद. मासिक रिटर्न २० तारखेच्या रात्रीवर ठेवू नये. विलंब शुल्क आपल्याच खिशातून जाते. भरलेल्या रिटर्नची पीडीएफ उतरवून जवळ ठेवावी. आणि पासवर्ड एकट्या मुनीमजींकडे नसावा (आमच्या बाजारात हे सर्रास चालते); ते गावी गेले की अख्खी पेढी खोळंबते.