हायस्कुलात कोणाला सांगायचं?

प्राथमिक शाळेत दिवसभर एकच बाई. कोणाचा डबा तसाच राहिला तरी आम्हाला कळतं. हायस्कुलात तासागणिक शिक्षक बदलतात. गप्प झालेलं मूल सहज नजरेतून सुटतं. म्हणून तर वर्गशिक्षक! ते काय नुसती हजेरी घ्यायला असतात? कोणी रोज चिडवतं, पैसे उकळतं, तर मधल्या सुट्टीत त्यांना गाठून सांगा. ही चहाडी नव्हे. बोलायला जड जात असेल तर तक्रारपेटीत चिठ्ठी टाका. (पालकहो, मार्कांच्या आधी ‘डबा कोणाबरोबर खाल्लास?’ हे विचाराल?) आणि शिक्षकच मारत असतील तर? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मारायला, त्यांचा मानसिक छळ करायलाही बंदी आहे. घरी सांगा. घरीही सांगता येत नसेल तर १०९८ वर फोन करा. पैसे पडत नाहीत, आणि हा फोन रात्रीही चालू असतो.